ऊन पहनून घे

जानेवारीतली दुपार, बनारस, आणि धुकं असं की दशाश्वमेध घाटावर उभं राहून गंगा दिसत नव्हती... नुसती ऐकू येत होती. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी एमएस्सीचं प्रॅक्टिकल बुडवून युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये गेम खेळत बसले होते. हो, तेव्हाही ऑनलाइन गेम होते बरं का!

चित्रबित्र काही नाही. काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं... 'तुम्ही गुहेच्या तोंडाशी आहात' असं इंग्रजीत लिहून यायचं आणि आपण टाइप करायचं, 'आत जा'. देशोदेशीचे लोक त्यात भटकत असायचे. हे वेड मला दादानं लावलं होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बाबा घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे उपाध्याय, दादानंही तेच करावं हा त्यांचा हट्ट, आणि दादाच्या डोक्यात फक्त कॉम्प्युटर. रोज खडाजंगी! दिवाळीनंतर असाच भांडून तो गंगेपलीकडच्या रामनगरला जायला निघाला आणि भर प्रवाहात नाव उलटली. बाकीचे सगळे सापडले. दादा नाही... कुठल्याच अवस्थेत नाही.

बाबांनी ठरवलं, येत्या अमावास्येला पालाशविधी करायचा. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तो विधी. आई ऐकेना. "माझा मुलगा गेलेला नाही," एवढंच म्हणायची. दोघांचं बोलणं बंद, मी मधल्यामध्ये... म्हणून पळून लॅबमध्ये जायचे, खरं सांगते.

तर त्या दुपारी माझी जादूगारीण नव्या लेव्हलला पोचली होती. दुकानात दोन वस्तू, त्यातली एकच घेता येणार. चामड्याचं जाकीट वार झेलायला मस्त. लोकरीच्या झग्यानं मंत्रांची ताकद वाढणार, पण वार झेलायच्या नावानं शून्य. पुढे गुहा होती आणि तिथे मेलं की कमावलेली लेव्हल पाण्यात. मी जाकीट उचललं. आधी जीव तर वाचू दे, मंत्र काय नंतर म्हणता येतील!

आणि एक ओळ आली. ग्रेफिश नावाच्या कुणा खेळाडूची, फक्त मलाच दिसेल अशी. अक्षरं इंग्रजी, पण भाषा...

'चमडा नको. ऊन पहनून घे.'

आता हे पुण्याच्या माणसाला वाचून दाखवा. तो म्हणेल, ऊन कसलं घालायचं, उन्हात उभं राहायचं का? लोकरीला 'ऊन' आणि घालण्याला 'पहनणं' म्हणणारे मराठी लोक मला तरी एकाच गावात माहीत आहेत. आमच्या! यावरून पुण्याच्या मावशीनं आम्हा भावंडांना हसून हसून बेजार केलं होतं.

आणि आमच्यातला हा गेम खेळणारा, माझ्याशिवाय, एकच होता. कसंबसं जाकीट ठेवून झगा घेतला. 'कोण?' असं टाइप केलं. मग धीर करून लिहिलं, 'दादा?' कर्सर लुकलुकत राहिला आणि तेवढ्यात लाइट गेली. बनारसची लाइट ती, कुणासाठी थांबतेय!

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत धुकं जिन्यापर्यंत चढलं होतं. घरात बाबा विधीसाठी पळसाची पानं निवडत बसले होते, शेजारी लोकरीच्या धाग्याचा गुंडा. पुतळा त्या धाग्यानं गुंडाळतात, हे मला माहीतच नव्हतं. मान वर न करता बाबा म्हणाले, "ऊन कमी पडतंय गं, आणखी आणतेस का?" मी ऊन आणायला गेलेच नाही, त्यांच्यासमोर बसले.

सगळं सांगितलं तशी बाबा उसळले. "काशीत मराठी पोरं काय कमी आहेत? कुणीतरी थट्टा करतंय. गेलेल्या माणसाची थट्टा!" आवाज चढला होता, पण पानं निवडणं थांबलं होतं. आई आतून सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी मी निघाले तर ही नऊवारीवर शाल पांघरून दारात उभी. "मी येते."

लॅबमधली पोरं बघतच राहिली. मी आईला शेजारी बसवलं, लॉग इन केलं... ग्रेफिश त्याच दुकानाच्या दारात उभा होता. मी लिहिलं, 'आई आलीय.' खिडकीबाहेर सगळं पांढरं होतं.

आईनं पदर तोंडाला लावला. मग सरळ बसली. "लिही, बाबा विधी करताहेत तुझा. मी काय करू?"

मी लिहिलं. मग दोनच शब्द आले.

'करू द्या.'

खाली लगेच गेमची ओळ... ग्रेफिश निघून गेला आहे.

आईनं ते शब्द माझ्याकडून पुन्हा वाचून घेतले. घरी येऊन बाबांसमोर उभी राहिली आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी बोलली. "करा. त्याला सुटायचंय... सुटू द्या."

अमावास्येला घाटावर पुतळ्याला अग्नी देताना बाबा लहान मुलासारखे रडले. आई रडली नाही. ती धुक्यात पैलतीराकडे बघत होती, कुणाला पोचवायला आल्यासारखी.

ग्रेफिश पुन्हा कधी दिसला नाही. ते शब्द पाण्याखालून आले की कुठल्या लांबच्या शहरातल्या खोलीतून, मला आजही माहीत नाही... आणि शोधायची हिंमत कधी झाली नाही. पण आईला आपल्या मुलाला विचारता आलं आणि तिला उत्तर मिळालं. किती आयांना तेवढंही मिळत नाही हो. जो कुणी होता, त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.