दिनकरचा अंकुशी रुपया

दिनकर गेल्याचं मला कटिंगच्या दुकानात कळलं. एका गालाला फेस तसाच होता आणि शेजारच्या खुर्चीतला माणूस हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, "आपलं सुभेदार गेलं की पहाटं. झोपेतच." मलकापुरात सुभेदार काय एक आहे? दर चार घरांआड एक पेन्शनीतला फौजी सापडतो. तरी कोणता ते मला विचारावं लागलं नाही. टॉवेलनं तोंड पुसलं आणि अर्ध्या दाढीनिशी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याला आता सहा आठवडे झाले. इतके दिवस लिहायचं टाळलं... कारण लिहायला बसलं की एकच गोष्ट पुढ्यात येते, आणि तिच्यात माझंच तोंड काळं आहे.

कऱ्हाडच्या शाळेत आम्ही एका बाकावर. मॅट्रिक झाल्यावर तो भरतीला गेला आणि मी आमच्या विट्याकडची पोरं जातात तसा गलाईच्या धंद्यात, दूर तमिळ मुलखात. गलाई म्हणजे सराफांकडची जुनी, मळकी चांदी वितळवून शुद्ध करून द्यायची. सगळं आयुष्य भट्टीपुढे आणि तेजाबाच्या वासात गेलं. म्हातारपणी परतलो आणि दिनकरच्या शेजारी दोन खोल्या बांधल्या. फौजेत उभा देश हिंडून आला, पण जीभ गावचीच राहिली होती गड्याची. मला बघून पहिलं वाक्य काय, तर "संपा, लय वाळलास की रं! तिकडं भाकरी मिळत न्हवती व्हय?"

त्याच्या घरच्या वाटणीची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. आबांनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, मरायच्या आधी तिघा पोरांना समोर बसवलं. उसाची जमीन धाकट्या दोघांना दिली आणि दिनकरच्या हातात एक पितळी डबा ठेवला. आत जुनी नाणी. राणीछाप रुपये, मूठभर तांब्याच्या शिवराया आणि एका चिंधीत निराळा बांधलेला एक काळा पडलेला रुपया. "तुला सरकारचं पेन्शन हाय. ह्यो डबा जमिनीच्या तोडीचा हाय. चिंधीतला हाय तसा ठेव," एवढंच आबा बोलले. दिनकरनं मुकाट सही केली. पुढे हायवे रुंद झाला, उसाच्या रानाचे प्लॉट पडले, भावांच्या इमारती उभ्या राहिल्या. लोक त्याला हसायचे. त्याची बायको, सुमनवैनी, मात्र हसायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, सासऱ्यानं थोरल्याच्या तोंडाला पानं पुसली. हे वाक्य त्या घरात किती वेळा निघालं असेल, देव जाणे. दिनकरला जमिनीचं काही नव्हतं हो. त्याला खुपायचं ते वेगळंच. आबांनी आपल्याला फसवलं की आपल्यावर विश्वास टाकला, हे त्याला मरायच्या आत कळून घ्यायचं होतं.

म्हणून साठीनंतर हा माणूस नाणी शिकायला बसला. भिंग आणलं, वही घातली. पहिल्यांदा आम्हा दोघांची समजूत एकच, जुनं तेवढं महाग. ती लवकरच मोडली. शिवराई एवढी जुनी, पण ढीगभर सापडते, म्हणून तिला कोणी विचारत नाही. आणि कालपरवाचं एखादं नाणं कमी पाडलं गेलं म्हणून भाव खातं. सालाखाली टिंब कुठं आहे, नाणं कोणत्या टांकसाळीतलं, कड झिजली का, अक्षर उठून दिसतं का... चहा निवून जायचा पण याचं संपायचं नाही. एका मौलवींकडे बसून त्यानं फारसी आकडेसुद्धा गिरवले. चिंधीतल्या रुपयावर माहुताच्या अंकुशासारखी खूण होती. तो मराठ्यांच्या काळातला अंकुशी रुपया, हे त्यानंच शोधून काढलं. त्या दिवशी मला रस्त्यातच गाठून म्हणाला, "आबा उगं बोलणारा मानूस न्हवता रं." चेहरा असा उजळला होता की बघत राहावं.

तीन वर्षांपूर्वी सांगलीत एका मंगल कार्यालयात नाण्यांचं प्रदर्शन भरणार होतं. मोठे जाणकार यायचे होते. आदल्या दिवशी दिनकर डबा घेऊन माझ्याकडे आला. मी तो काळा रुपया बघितला आणि हसलो. "अरे, पोरगी दाखवायला नेतोस आणि तोंडसुद्धा धुवत नाहीस? आण इकडं." तो कचरला. "आबा म्हणायचं, हाय तसा ठेव..." मी काय बोललो माहितीय? "आबांनी ऊस केला, चांदी मी केली. चांदी मला शिकवतोस?" झालं! त्यानं रुपया माझ्या हातात ठेवला. तेजाबाचं पाणी केलं, रुपया बुडवला, मग रिठ्याच्या फेसात तारेच्या ब्रशनं खसाखसा घासला. सराफाकडे चांदी अशीच उजळतात, मी जन्मभर तेच केलं. रुपया लख्ख निघाला. दिनकरनं तो उन्हात धरला, लहान पोरासारखा हसला. मीही छाती काढून उभा होतो, मूर्ख.

प्रदर्शनात एका वयस्कर संग्राहकांनी बाकीची नाणी चाळून बाजूला सारली. अंकुशी रुपया मात्र दिव्याखाली धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मग म्हणाले, "हे हाताने ठोकलेलं नाणं. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे साल बहुतेक वेळा चकतीबाहेर जातं. तुमच्या नाण्यावर साल पुरतं उतरलेलं होतं. रेघा दिसतायत अजून. असं मी आजवर पाहिलं नाही." दिनकरनं माझा दंड धरला. आणि तेवढ्यात ते म्हणाले, "पण हे घासलं कोणी?" मग शांतपणे समजावून सांगितलं. तो काळा थर म्हणजे मळ नव्हे, नाण्याचं वय. तो खरवडला, अक्षरांच्या कडा गेल्या, सालातला एक आकडा ओळखू येईना. आता याला चांदीचा भाव येईल, तेवढाच. "तुमच्या वडलांना कळत होतं हो," असंही म्हणाले, आणि रुपया परत दिला. दिनकरचा हात माझ्या दंडावरनं कधी निघाला ते मला कळलं नाही.

एसटीत मी तासगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो. मग म्हणालो, "दिन्या, चुकलं रं." तो म्हणाला, "तुला काय ठावं हुतं?" त्यानंतर तो नाण्यांवर कधी बोलला नाही. वही बंद झाली. फिरायला यायचा, पण कमी कमी. मला वाटायचं, वय झालं. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर वैनींनी मला आत बोलावलं. दोघं दीरही तिथंच होते. फोटोपुढे तो रुपया ठेवला होता. वैनी म्हणाल्या, "भावजी, ह्यो रुपाया ह्यांनी आपल्याच हातानं घासून मातीत घातला. सांगलीस्नं आलं आन् मलाच म्हनलं, सुमन, मीच घासला, माझीच अक्कल. तीन वर्सं मी लय तोंड सोडलं त्यांच्यावर. ताटावर बसलं तरी सोडलं न्हाई. बापानं दिल्यालं येवढं यक धड ठेवता आलं न्हाई, म्हनायची. एक दीस उलटून बोललं न्हाईत." डोळ्याला पदर लावला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आवं, तुमी चांदीतलं जाणतं मानूस. तुमी तवा हितंच हुतासा की. अडवलं का न्हाई त्यास्नी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. फोटोतला तोही. आणि मी म्हणालो, "सांगितलं होतं, वैनी. ऐकलं नाही त्यानं."

वैनींना वाचता येत नाही. दीरांच्या घरी वर्तमानपत्राची ही पुरवणी येते. त्यांच्यापैकी कोणीतरी हे वैनींना वाचून दाखवा. माझ्यानं त्या घराची पायरी आता चढवत नाही.