चाचांचा पहिला पाव

भट्टीवाले चाचा हात घालून भट्टीचा ताव मोजत. बाही वर सारून उघडा हात आत धरायचा आणि आकडे म्हणायचे. दहापर्यंत टिकला तर पाव लावा, पाचालाच ओढावा लागला तर मासळी. मी बाजारातून तापमापक आणला, तेव्हा म्हणाले, "ठेव गं बाय, ताप आला की लावू."

शेजारच्या गावात त्यांची लाकडाच्या भट्टीची बेकरी होती. वादळात पत्रे उडाले आणि पुढच्या पावसात भट्टी ढासळली. मुलगे आखातात, पुन्हा बांधायची कुणी? मी दिवेआगरात पाहुण्यांसाठी खोल्या चालवते. मागच्या अंगणात भट्टी आणि मासे भाजायला जाळीची चूल हवी म्हटल्यावर चाचा दुसऱ्याच दिवशी हजर! मजुरीचं विचारलं तर म्हणाले, "पैला पाव माझा. बेकरी गेल्यापासना लाकडावरचा पाव तोंडात न्हाय."

चिऱ्याचा ओटा झाला. त्यावर वाळूचा ढीग रचून, ओले पेपर चिकटवून, वर माती आणि भाताच्या तुसाचा थर. मातीवर थाप मारून ते कान लावत. मी हसले की म्हणत, "हसू नको, ती बोलतेय." मग भट्टीच्या तोंडातून आतली वाळू ओंजळीने काढली. माती सावकाश वाळावी म्हणून आठ दिवस रोज ओंजळभर करवंट्यांचाच जाळ करायचा, असं मला तीनदा बजावलं. "घाय केलीस तर रुसंल."

मी घाई केली. चौथ्या दिवशी मुंबईचे पाहुणे आले, त्यांना पिझ्झा हवा होता. एवढी मोठी भट्टी बांधलीय आणि नाही कसं म्हणायचं! वादळात पडलेल्या आंब्याची लाकडं ठासून भरली. तासाभरात घुमटाला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

चाचा आले. तड्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार, आणि बसायलाच हव्या होत्या. "माती भिजव," एवढंच म्हणाले. तडा बुजवला, हात धुतले. "आता परत पैल्यापासना. आठ दिस."

सहाव्या दिवशी पहाटे चाचा नमाजाला उठलेच नाहीत.

मी जाऊन आले. बायका रडत होत्या, मी त्यांच्यात बसले, पाणी वाटलं. रडू काही आलं नाही. घरी आले आणि ओंजळभर करवंट्या पेटवल्या, कारण त्या दिवशीचा जाळ राहिला होता. दुसऱ्या दिवशीही तेच. पाहुण्यांची भांडी घासली, चादरी वाळत टाकल्या. कुणी विचारलं तर "बरंय" म्हणत होते.

आठ दिवस भरल्यावर भट्टी मोठी पेटवली. निखारे बाजूला ओढून हात आत धरला. दहा. पाव लावले. पहिला फडक्यात गुंडाळून चाचींकडे नेला.

चाचींनी तो उलटा करून अंगठ्याने तळ दाबून बघितला, बेकरीत चाचा बघायचे अगदी तसा. "बरा शेकलाय," म्हणाल्या. "रोज सांजचे इचारायचे, किती दिस ऱ्हायले गं तिच्या भट्टीचे?"

"चाची, मी घाई केली नसती तर त्यांना मिळाला असता."

"ठाव हाय मला. त्यांनी सांगितलं होतं." त्यांनी पाव मोडला आणि अर्धा माझ्या हातात दिला. "खा. निवतोय."

मी खाल्ला. चव लागली नाही.