अकरा क्लब आणि एक एप्रन

माझ्या भावाला एका जागी बसवत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. जेवायला बसला की टेबलाखाली त्याचा उजवा पाय हलत असतो आणि सगळ्यांचं सूप डुचमळतं. आई होती तोवर ती त्याच्या गुडघ्यावर पळी मारायची. मग उजवा थांबायचा आणि डावा सुरू व्हायचा.

राडोव्हान कुबेशा त्याचं नाव, गावात राडेक. पंधरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला, स्टॉपर म्हणून, बचावाच्या अगदी मधोमध. फार मोठं नाव झालं नाही. एकवीस वर्षांखालच्या राष्ट्रीय संघात एकदा बोलावणं आलं, तेव्हा नव्वद मिनिटं बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया खाऊन परत आला. पण समोरचा पोरगा बॉल कुठे मारणार हे त्याला अर्धा सेकंद आधी कळायचं, आणि त्या अर्ध्या सेकंदावर त्याने पंधरा वर्षं पोट भरलं.

पोट एका गावात भरलं नाही, हीच तर अडचण. पंधरा वर्षांत अकरा क्लब. दोनदा उसना दिला गेला, एकदा स्वतःच भांडून निघाला, बाकीच्या वेळी कुठून तरी फोन आला आणि हा बॅग भरून तयार. स्लोव्हाकिया झालं, पोलंडमध्ये दोन क्लब झाले, सायप्रसला एक उन्हाळा झाला. तिथून गुडघा आणि नाक दोन्ही सोलून घेऊन आला.

आमच्या येस्त्रेबेच गावात म्हातारी माणसं अजून म्हणतात, स्तेपानला धनी नाही. पूर्वी शेतावरच्या गड्याचं वर्ष ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, स्तेपानच्या सणाला भरायचं. त्या दिवशी त्याच्यावर कोणाचा हुकूम चालत नसे. गाठोडं बांधायचं आणि दुसरा मालक बघायचा. आमचे बाबा रेल्वेत होते, रूळ तपासायचे, जन्मभर एकाच चौदा किलोमीटरवर चालले. ते राडेकला म्हणायचे, ‘तू शंभर वर्षं उशिरा जन्मलास. गडी म्हणून शोभला असतास.’ राडेक हसायचा. खेळाडूंची क्लबबदली जानेवारीत होते, त्यामुळे स्तेपानपर्यंत त्याच्या खिशात बहुतेक वर्षी कुठल्या ना कुठल्या कराराचा कागद असायचाच.

इवोना त्याला पोलंडला जायच्या आधी भेटली. प्रशेरोव्ह शहरातली मुलगी, चष्म्याच्या दुकानात काम करायची. शांत, पण मऊ नव्हे. लग्नानंतर आठ वर्षांत तिने सहा घरांत पडदे लावले. तिचा राग घरं बदलण्यावर नव्हता. राग होता तो याच्यावर, की प्रत्येक वेळी तिला सही झाल्यावर कळायचं. सायप्रसचं तर तिला माझ्याकडून कळलं, कारण पठ्ठ्याने पहिला फोन मला केला आणि मी आनंदाच्या भरात तिला अभिनंदन करायला फोन लावला. ते पाप माझंच.

मागच्या सप्टेंबरात ती सात वर्षांच्या रोझालियाला घेऊन आईकडे निघून गेली. राडेक तेव्हा दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबात होता, चौतिशीचा, गुडघ्यात पाणी झालेला. सासूची तब्येत बरी नसेल म्हणून गेली असेल, असं त्याला तीन आठवडे वाटत होतं. परक्या पोरांची चाल ओळखणारा माणूस तो! चौथ्या आठवड्यात त्याने मला फोन केला आणि म्हणाला, द्राशा, कोणाला बोलू नकोस. मी बोलले नाही. ख्रिसमसला तो एकटाच आला, तळलेला मासा आणि बटाट्याचं सॅलड आम्ही दोघांनी खाल्लं. मग त्याने खिशातून कागद काढून ताटाशेजारी ठेवला. कझाकस्तानचा क्लब, दीड वर्ष, सत्तावीस तारखेच्या दुपारपर्यंत कळवायचं. सही केलेली नव्हती. इवोनाला सांगितलंस का, मी विचारलं. तो म्हणाला, सही झाली की सांगतो.

मी त्याला तिथेच पळी मारायला हवी होती. मारली नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. मैदानावरची टपरी मी चालवते, संघाचे कपडेही मीच धुते, आणि सॉसेज भाजता भाजता ‘आमचा राडेक आता अमुक देशात’ असं म्हणायला मला आवडायचं.

स्तेपानच्या दिवशी आमच्याकडे सामना असतो. एका बाजूला लग्न झालेले, दुसऱ्या बाजूला न झालेले. बर्फ असो की चिखल, सकाळी दहाला शिट्टी वाजते. नियम एकच आहे, पण तो कडक. लग्न झालेल्या प्रत्येकाने कमरेला एप्रन बांधून खेळायचं, आणि तो त्याच्या बायकोने स्वतःच्या हाताने बांधलेला हवा. बायको वारली असेल तर मुलगी बांधते, सून बांधते. एप्रन नसेल तर सरळ पलीकडे, मिसरूड फुटलेल्या पोरांच्यात. हे कोणी सुरू केलं ते माहीत नाही, पण गावात कोणाचं घरात बिनसलंय हे आम्हाला पाद्रीबुवांच्या आधी स्तेपानला कळतं.

पावणेदहाला सगळ्या बायका कुंपणापाशी गाठी मारत होत्या, हसत होत्या, मुद्दाम जोरात आवळत होत्या. राडेक टपरीच्या कोपऱ्याला उभा. बूट आपटत होता, हातमोजे काढत होता, घालत होता. मेतोदेय काका, आमचे जुने स्टेशनमास्तर, पंच म्हणून आगगाडीची शिट्टी गळ्यात घालून फिरत होते. ते म्हणाले, ‘काय रे, मालकीणबाई कुठे आहेत?’ दोन-तीन माना वळल्या.

मी विचारच केला नाही. म्हटलं, रोझालियाला ताप आहे, इवोना टपरीमागे गाडीत तिला घेऊन बसलीय, तिथेच एप्रन बांधेल. आणि राडेकला टपरीच्या मागे ओढलं. आईने राडेकच्या लग्नात मला आणि इवोनाला एकाच कापडाचे एप्रन शिवले होते, निळ्यावर पांढरे ठिपके. माझा अंगावरच होता. तो सोडला आणि त्याच्या कमरेला बांधला.

तो म्हणाला, ‘द्राशा, हे बरं नाही.’

‘गप उभा राहा,’ मी म्हटलं. ‘गावासमोर शोभा करून घ्यायचीय का?’

त्याची की माझी, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

पहिला अर्धा तास तो छान खेळला. मैदान कडक झालं होतं, पोरं घसरून पडत होती, आणि हा जिथे बॉल येणार तिथे आधीच उभा. ओरडून ओरडून म्हाताऱ्यांची ओळ पुढे-मागे करत होता. लोहाराच्या पोराच्या पायातून त्याने बॉल असा अलगद काढून घेतला की पोरगं तसंच रिकामं पुढे पळत गेलं. मी सॉसेज पलटत होते आणि मला बरं वाटत होतं.

पावणेअकराच्या बसने इवोना आली.

रोझालियाचा हात धरून ती फाटकातून आत आली, तेव्हा मध्यंतराची शिट्टी नुकतीच वाजली होती. रोझालिया ठणठणीत, गाल लाल, बापाकडे धावत सुटलेली. तापाची गोष्ट तिथेच मेली. इवोना टपरीपाशी येऊन थांबली. तिच्या पिशवीच्या तोंडातून निळ्यावर पांढरे ठिपके दिसत होते.

राडेक पोरीला कडेवर घेऊन आला. इवोनाने आधी त्याच्या कमरेकडे पाहिलं, मग माझ्या एप्रन नसलेल्या पोटाकडे.

‘मी बसमध्ये बसल्यापासून ठरवत होते,’ ती म्हणाली. ‘बांधायचा की नाही बांधायचा. ठरतच नव्हतं. तुमचं माझ्याशिवाय भागलं की.’

आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी काहीतरी बोलायला गेले, माझीच चूक, याने नको म्हटलं होतं. तिने नुसता हात वर केला. आमच्या घराण्याचं वळणच ते, आधी करून मोकळं व्हायचं आणि मग दुसऱ्याला कळवायचं. राडेक ते मैदान बदलून करतो, मी टपरीत उभी राहून करते. गरम वाइनचं भांडं उतू गेलं तरी मी तशीच उभी होते. मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या डावाची शिट्टी झाली. राडेकने पोरीला खाली ठेवलं. चालत चालत तो मध्यरेषेपर्यंत गेला आणि तिथे कमरेची गाठ सोडायला लागला. मी घट्ट मारली होती, सुटेना. लोक हसले, काहीतरी गंमत आहे असं वाटलं त्यांना. शेवटी त्याने नाडीच तोडली, एप्रन मेतोदेय काकांच्या हातात दिला आणि पलीकडच्या पोरांच्यात जाऊन उभा राहिला.

‘अरे, तुझी जागा इकडे,’ काका म्हणाले.

‘नाही काका. इवोना सप्टेंबरपासून माहेरी आहे. हा एप्रन द्राशाचा आहे.’

काकांनी एप्रनची नीट घडी केली, कोटाच्या खिशात ठेवली आणि शिट्टी वाजवली. दुसरं काय करणार? लोहाराच्या पोराने सरकून राडेकला मधली जागा दिली.

तो डाव राडेक वाईट खेळला. दोनदा घसरला, एकदा बॉल थेट समोरच्यालाच दिला. न झालेले तीन-दोनने हरले. इवोना सगळा वेळ कुंपणाला टेकून बघत होती. मी तिला चहा नेऊन दिला, तिने घेतला, पण माझ्याशी बोलली नाही. ते तिचं बरोबरच होतं.

सामना संपल्यावर सगळे प्लमची कडक दारू, स्लिवोवित्से, पाण्यासारखी पीत टपरीभोवती जमले. राडेक मात्र सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. घामाने वाफ निघत होती त्याच्या अंगातून. जाकिटातून त्याने तो कागद काढला, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता सांगणार.

‘कझाकस्तान,’ तो म्हणाला. ‘दीड वर्ष. सही केलेली नाही.’ पाय हलत होता. ‘जाऊ का?’

इवोनाने कप कुंपणाच्या खांबावर ठेवला. ‘मला विचारतोयस?’

‘हो.’

‘मग नको जाऊस.’

एवढंच बोलली. परत येते म्हणाली नाही, माफ केलं म्हणाली नाही. राडेकचा चेहरा असा पडला की मला वाटलं, आता हा चिडणार, कारणं देणार, शेवटचा करार आहे म्हणणार. पण तो कपडे बदलायच्या खोलीत गेला आणि एजंटला फोन लावला. भिंत पातळ आहे, आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. एजंट त्याला वेडा म्हणत असावा, कारण राडेक दोनदा म्हणाला, हो, असेन. तिसऱ्यांदा नुसतं ‘नाही’ म्हणाला आणि बाहेर आला.

बाहेर आला तो बसलाच नाही. कोणीतरी पुढे केलेला पेला त्याने घेतला नाही. मैदानाच्या कडेने पळायला लागला. एक फेरी, दुसरी, चौथी. रोझालिया थोडं त्याच्याबरोबर पळाली आणि दमून परत आली. थंडी वाढली, लोक घरी उरलेला मासा संपवायला गेले, मी भट्टी विझवली, तरी हा पळतच. दुखरा गुडघा घेऊन, आता उद्या कुठे जायचं ते माहीत नसताना. मला रडू आलं आणि ते पुसायला एप्रनसुद्धा नव्हता.

मी इवोनाला म्हटलं, घरी चल, गारठशील, मी त्याला हाक मारते.

‘नको,’ ती म्हणाली. ‘पळू दे त्याला. निदान कुंपणाच्या आत पळतोय.’