दाजींची लोखंडी जोड

घर्षण हा माणसाचा पहिला शत्रू आहे, असं माझे दाजी रंगराव बारंगुळे यांचं ठाम मत होतं. यंत्रापुरतं ते खरंही असेल. दाजींनी ते मल्लखांबाला लावलं.

त्यांनी खांबाला आतून भोक पाडलं, वात सोडली आणि एरंडेल आपोआप बाहेर झिरपत राहील अशी सोय केली. पिंपळे गुरवच्या तालमीतला पहिला गडी जेवढा वर गेला तेवढाच खाली आला. दुसऱ्यानं खांबाला लांबूनच नमस्कार केला. पुढे तो खांब कुणाच्या तरी गोठ्यात मेढ म्हणून लागला आणि तिथे त्यानं इमानेइतबारे काम केलं.

दाजी चिंचवडला पंपांच्या एका कारखान्यात मेकॅनिकल इंजिनिअर होते. मी त्याच कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून होतो, म्हणजे कोण किती उशिरा आला हे लिहिण्याचा पगार घेत होतो. दाजी मूळचे बार्शीचे, आम्ही करमाळ्याचे. माझी थोरली बहीण सावित्री, म्हणजे अक्का, त्यांना दिली आणि तिच्या पाठोपाठ नोकरीसाठी मीही येऊन चिकटलो. पिंपळे गुरवात दोन खोल्या आणि मागे एक पत्र्याची शेड, असं आमचं बिऱ्हाड होतं. शेड दाजींची होती. तिथे त्यांचे शोध लागत.

पंपात शोध लावले असते तर साहेबांनी पाठ थोपटली असती. पण दाजींना वेड खेळाच्या सामानाचं. त्यांनी कारखान्याच्या कॅरम बोर्डाला चार कोपऱ्यांत चार स्क्रू बसवले आणि मध्ये पाणसळ. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यातली पंचवीस मिनिटं बोर्ड सपाट करण्यात जायची. मग चाकणकडच्या एका शर्यतीच्या गाड्याला त्यांनी बेअरिंग बसवली. गाडा इतका हलका झाला की तो बैलांच्याच पुढे जायला बघू लागला. बैल बिचकले आणि शर्यत सोडून उसात शिरले. गाडामालक आठवडाभर दाजींना शोधत होता, आणि दाजी आठवडाभर ओव्हरटाइम करत होते.

छप्पन सालच्या दिवाळीत अक्कानं विषय संपवायचं ठरवलं. आमच्या आईनं करमाळ्याहून तिला एक दुभती म्हैस द्यायचं कबूल केलं होतं, पण बांधायची कुठे? अक्का म्हणाली, शेड रिकामी करा. दाजी म्हणाले, एक शेवटचं करू दे. शेवटी तोड निघाली. चैत्रातल्या जत्रेपर्यंत दाजींनी केलेली एक वस्तू एका तरी माणसानं खेळासाठी मनापासून वापरली पाहिजे, आणि त्याचा उपयोग चारचौघांत दिसला पाहिजे. नाहीतर शेडमध्ये म्हैस येणार आणि दाजींनी पुन्हा खेळाच्या सामानाला हात लावायचा नाही. दाजींनी तुळशीपुढे शब्द दिला. म्हशीला अर्थातच कुणी विचारलं नव्हतं.

त्या रात्री जेवताना दाजींनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. अकराव्या वर्षी ते बार्शीच्या तालमीत जायला लागले. तिथला वस्ताद, म्हणजे तालमीचा गुरू, पोरांना समोरासमोर उभं करून नजरेनं जोड लावायचा, हा याच्याशी, तो त्याच्याशी. दाजी इतके किडकिडीत होते की त्यांच्या तोलाचं कुणीच नसायचं. जोड नाही तर कुस्ती नाही. तीन वर्षं त्यांनी मातीच्या कडेला उभं राहून दुसऱ्यांचे सदरे सांभाळले. एवढं सांगून ते म्हणाले, ‘‘ज्याला जोड मिळत नाही, त्याच्यासाठी मी लोखंडाची जोड करणार आहे.’’

मी हसलो. आज सांगायला लाज वाटते, पण मी तेव्हा खूप हसलो.

तीन महिने शेडमध्ये ठोकाठोक चालली. मदतीला होता अजीज शिकलगार, कारखान्यातला फिटर आणि तालमीतला एक बऱ्यापैकी पैलवान. जुन्या पाइपांचे हातपाय, कमरेला लॉरीच्या स्प्रिंगा, अंगावर गोणपाट आणि त्यावर पट्ट्याचं चामडं. युक्ती अशी होती, की तुम्ही त्या लोखंडी गड्याचा उजवा हात ओढला की त्याचा डावा हात वर येऊन तुमच्या मानेवर बसायचा. खऱ्या माणसाचंही तसंच होतं, असं दाजी म्हणत. पाठीमागे स्प्रिंगांचा ताण कमी-जास्त करायला एक लांब वाकडा दांडा होता. सगळं झाल्यावर गंज चढू नये म्हणून दाजींनी डोक्यापासून पायापर्यंत, चामड्यासकट, लाल शेंदरी रंगाचा पहिला हात मारला. वरून करडा रंग द्यायचा होता, पण बैलगाडी नेमकी त्याच दिवशी मोकळी मिळाली.

तो दिवस शनिवार होता.

गाडीत चढवताना मी त्या यंत्राकडे नीट पाहिलं. अंग शेंदरी. एक हात कमरेवर, दुसरा वर उचललेला. मागून वर वळलेला दांडा. घरातलं शेंबडं पोरही सांगेल की हे काय आहे. दाजींना मात्र दिसत नव्हतं. त्यांना त्यात स्प्रिंगाच दिसत होत्या. मला दिसलं आणि मी तोंड मिटून बसलो. पुढची गंमत बघायची होती, एवढंच कारण.

मालोजी वस्ताद तालमीच्या दारात उभे होते. सत्तरीचा म्हातारा, कान चुरगळून भज्यासारखे झालेले. गाडी थांबली, त्यांनी वर पाहिलं आणि पायातल्या वहाणा काढल्या. दाजी खाली उतरून यंत्र कसं चालतं ते सांगू लागेपर्यंत नारळ फुटला होता. चार पैलवानांनी ते उचलून कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कोपऱ्यात, जुन्या मारुतीशेजारी नेऊन ठेवलं आणि रुईची माळ घातली.

दाजी समजावत राहिले. हा देव नाही, हा गंज न चढण्याचा रंग आहे. मालोजींचं म्हणणं, देवाला तरी शेंदूर कशापायी लावतात, तोही गंजू नये म्हणूनच ना. दाजी म्हणाले, मागे ती शेपूट नाही, दांडा आहे. मालोजी म्हणाले, व्हय, दांडाच हाय, आमी कुटं केसं हायती म्हनलं. शेवटी म्हातारा वैतागला.

‘‘इंजिनेर,’’ ते म्हणाले, ‘‘शनवारच्या दिशी देव आपल्या पायानं तालमीत आला. आता त्येला काय धोबीपछाड मारायची व्हय?’’

एकच आशा उरली होती. दाजींनी अजीजला बाजूला घेतलं. तू तरी धर, तुला काय अडचण आहे? अजीजनं मान खाली घातली.

‘‘साहेब, मी मुसलमान हाय खरा. पण ह्या तालमीत माझ्या बापानं आणि मी मारुतीसमोरच घाम गाळलाय. काल पान्यानं कंबर आवळली तवा ते पाइप होतं. आज वस्तादांनी नारळ फोडलाय. आता माझा हात न्हाई उठायचा.’’

परत येताना दाजी रिकाम्या गाडीत मागे तोंड करून बसले होते. एवढे दिवस मी त्यांची टिंगल केली, पण ते रडतील असं मला वाटलं नव्हतं. ते रडत नव्हतेही. नुसते बसले होते, आणि ते जास्त वाईट होतं. गाडीत चढवतानाच मी एक शब्द बोललो असतो तर करड्या रंगाचा डबा शेडमध्येच होता, तासाभराचं काम. हे मी त्यांना सांगितलं नाही. अक्कालाही नाही.

आठवड्यानं दाजी पुन्हा मालोजींकडे गेले आणि एकच मागणं मागितलं. देवाला शनिवारी तेल लागतं, बेअरिंगला रोज लागतं; तेवढी सेवा माझ्याकडे द्या. मालोजींना गहिवरून आलं. त्यांनी तालमीची किल्ली दिली. पैलवान सकाळी सहाला मेहनत उरकून जात, मग दाजी तेलाची बुधली घेऊन जात आणि कारखान्याच्या भोंग्याआधी परत येत.

ते परत आले की त्यांच्या पाठीला तालमीची लाल माती लागलेली असायची. अक्का त्यांना दारातच पाठमोरं उभं करायची आणि पाठ झटकायची, मगच आत घ्यायची. ते देवापुढे लोळण घेतात, असा तिचा समज झाला. मला म्हणाली, ह्यांनी भक्ती धरली वाटतं. मीही म्हटलं, माणूस खचला की देव आठवतोच. आईला तिनं कळवून टाकलं, की जत्रा झाली की म्हैस पाठव.

चैत्रात जत्रा भरली. दुपारी कुस्त्यांचं मैदान लागलं. ढोल, हलगी, गुलाल आणि चारी बाजूंनी माणसं. कुस्त्या सुरू होण्याआधी गावातल्या मानकऱ्यांना नारळ द्यायची रीत. मालोजींनी भोंग्यावरून पुकारलं, की ज्यांनी तालमीला मारुती दिला त्या रंगराव इंजिनेरांनी मैदानात यावं. दाजी गेले. मालोजींनी नारळ पुढे केला.

दाजींनी नारळ घेतला नाही. खाली वाकून मूठभर माती उचलली, कपाळाला लावली आणि सदरा-विजार उतरवली. खाली लंगोट होता. मग हात वर करून ते मैदानाच्या कडेकडेनं चालू लागले.

याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होता. पैलवान असा फिरू लागला की तो जोड मागतो आहे. ज्याची तयारी असेल त्यानं उठून हात मिळवायचा. पण हा पैलवान चव्वेचाळीस वर्षांचा, चष्मेवाला, बरगड्या मोजता येतील असा. लोकांना आधी कळेना, मग हसू आवरेना. एक फेरी झाली. कुणी उठलं नाही. खऱ्या पैलवानाला त्यांच्याशी लढणं कमीपणाचं, आणि बाकीच्यांना हसण्यातच मजा. दुसरी फेरी निम्मी झाली तसा हशा थांबला आणि ते जास्तच अवघड वाटू लागलं. दाजी माझ्या समोरून गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. कुणाकडेच पाहत नव्हते. तीन वर्षं सदरे सांभाळणारा पोरगा कसा दिसत असेल ते मला तेव्हा दिसलं.

मी उठलो. माझं वजन एकशे ऐंशी पौंड, दाजींचं जेमतेम एकशे वीस. आयुष्यात मी उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे हजेरीचं रजिस्टर. मी सदरा काढला तसा दाजींचा हात जुन्या सवयीनं तो घ्यायला पुढे आला. मी तो अजीजकडे फेकला, चड्डीची नाडी आवळली आणि दाजींच्या हातात हात दिला. त्यांनी चष्मा काढून मालोजींकडे दिला.

माझा बेत साधा होता. दोन-चार मिनिटं दाजींना खेळवायचं, लोकांना बरं वाटेल असं झुंजायचं आणि मग बेतानं खाली पडायचं. त्या शनिवारी तोंड मिटून बसलो त्याची तेवढी भरपाई.

हलगी कडाडली. दाजींनी माझा उजवा हात ओढला. माझा डावा हात आपोआप वर गेला, त्यांच्या मानेवर बसायला. आणि तो तिथे पोचेपर्यंत दाजींची मान तिथे नव्हती. ते खाली शिरले होते. माझा एक पाय त्यांच्या बगलेत होता, त्यांचा खांदा माझ्या पोटात होता आणि पुढे मला आभाळ दिसलं. पाठ मातीवर सपाट आदळली. बेतानं पडायचं राहूनच गेलं.

 मग ढोल वाजले. दाजी अजून माझ्या छातीवर होते, धापा टाकत. त्यांनी तोंड माझ्या कानाजवळ आणलं.

‘‘हिंदुराव, खरं सांगा. मुद्दाम पडलात?’’

‘‘दाजी,’’ मी म्हणालो, ‘‘मुद्दाम पडलो असतो तर मऊ जागा तरी बघितली असती.’’

तेव्हा ते हसले. मग म्हणाले की दोन महिने रोज सकाळी त्या लोखंडी गड्याशी तोच एक डाव केला, पहिला महिना तर रोज त्यानंच मला पाडलं, आणि तुमचा डावा हात त्याच्यापेक्षा उशिरा येतो. मालोजी शेजारी उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. देवाशी कुस्ती केली म्हणून आता काठी बसते की काय, असं मला वाटलं. म्हाताऱ्यानं हातातला चष्मा दाजींना परत दिला.

‘‘इंजिनेर,’’ ते म्हणाले, ‘‘देवानंच तुमच्याशी जोड धरली म्हना की.’’ आणि त्यांनी दाजींना फेटा बांधला.

मी मुद्दाम पडलो, असं गाव आजही म्हणतं. मी प्रत्येकाला थांबवून सांगतो की नाही, मला पाडलं. कुणी विश्वास ठेवत नाही, उलट माझा मोठेपणा वाढतो. याचा मला फार त्रास होतो.

घरी आलो तेव्हा अक्का दारात होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती की नाही कळेना. रोजच्या सवयीनं तिनं दाजींना दारात पाठमोरं उभं केलं आणि झटकायला हात उचलला.

दाजींची पाठ स्वच्छ होती. घाम होता, गुलाल होता, मातीचा कण नव्हता. अक्काचा हात तसाच वर राहिला. मग तिनं तो हळूच त्यांच्या पाठीवर ठेवला आणि थोडा वेळ तिथेच राहू दिला.

नंतर तिनं मला फिरवून माझी पाठ पाहिली.

‘‘आईला पत्र टाक,’’ ती मला म्हणाली, ‘‘म्हैस पाठवू नको म्हणावं, जागा नाही.’’ आणि माझ्या आंघोळीचं पाणी तापवायला आत गेली.