मागे बसणारीची सोय

राखोलीच्या ज्या कारखान्यात जया शिवणकाम करते, तिथे पोती बनतात. घरात तांदूळ ठेवायची नव्हेत. माणूसभर उंचीची, चार कोपऱ्यांना चार पट्टे असलेली, टनभर माल भरून क्रेनने उचलायची. ते पट्टे शिवायचं काम जयाचं. आठ वर्षांत तिच्या हातचा एक पट्टा सुटलेला नाही. परदेशातल्या कुठल्या कुठल्या बंदरांवर प्लास्टिकचे दाणे तिच्या टाक्यांच्या भरवशावर निर्धास्त लोंबकळत असतात. स्वतः जया मात्र सहा-सात महिने आमलीतल्या घरापासून राखोलीपर्यंत काहीही न धरता लोंबकळत गेली, कारण तिच्या नवऱ्याने स्पोर्ट बाईक घेतली होती.

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहतो. भिंती पातळ आहेत, त्यामुळे ही हकीकत मला कुणाला विचारावी लागली नाही.

नवरा गोकुळ. शिरपूरकडचा. जयाच्या कारखान्यामागच्या गल्लीत धाग्याचा कारखाना आहे, तिथे मशीन चालवतो. माणूस गरीब स्वभावाचा. मोठ्याने बोलतो ते मशीनमुळे. त्याच्याकडे वडिलांची जुनी मोटरसायकल होती. बाकासारखी लांब सीट, मागे लोखंडी कॅरिअर, बाजूला साडी अडकू नये म्हणून जाळी. तिच्यावर तीन माणसं आणि एक गॅसची टाकी दादऱ्याहून सुखरूप आलेली मी पाहिली आहेत. इतकी उपयोगी वस्तू घरात असणं गोकुळला कमीपणाचं वाटू लागलं, तेव्हा त्याने ती विकली आणि वापीहून एक लाल, सेकंडहँड स्पोर्ट बाईक आणली.

त्याच्या आईने, पुतळाबाईंनी, गाडीभोवती एक चक्कर मारली. मागची सीट पुढच्या सीटपेक्षा वीतभर वर उचललेली, शेवटी निमुळती होत गेलेली.

"हाई गाडी शे का इच्चू?" त्यांनी विचारलं. "नांगीवर कोन बठी?"

"जया," गोकुळ म्हणाला. त्याला यात काही वावगं वाटलं नाही.

मागची सीट बनवणाऱ्यांनी दिली होती हे खरं, पण लग्नात आहेराची टोपी देतात त्या भावनेने. दिल्याचं समाधान असतं, कुणी घालावी अशी अपेक्षा नसते. रुंदीला पाटाएवढी, आणि तो पाटही पुढे कललेला. पाय ठेवायची जागा इतकी वर की गुडघे छातीशी यावेत. ब्रेक दाबला की जया घसरून गोकुळच्या पाठीवर, हेल्मेटवर हेल्मेट टक्क. गाडी पळवली की मागे, जिथे धरायला फक्त हवा. चाकाशेजारची जाळी गोकुळने पहिल्याच दिवशी पाना घेऊन काढली. "लुक मरतो," म्हणाला.

"मग धरू कशाला?" जयाने विचारलं.

"मी आहे ना. मला धर."

तिने त्याच्या कमरेला धरलं, तर त्याचा श्वास कोंडायला लागला. खांदे धरले, तर हँडल हलायला लागलं. पुढे वाकून टाकीवर हात टेकले, तर बांगड्यांनी रंगावर ओरखडे उठायला लागले. शेवटी जयाने देवाचं नाव धरलं. त्याला गोकुळची हरकत नव्हती.

मार्चमध्ये कारखान्यात सुरक्षा सप्ताह होता. त्यातल्या तिसऱ्या दिवशी सकाळी राखोलीच्या पुलावर जयाची ओढणी मागच्या चाकात गेली.

गळ्याला जोराचा हिसका बसला, ती ओरडली, आणि ओढणी फर्रकन फाटली. आठवडी बाजारातली स्वस्त ओढणी होती, चार धुण्यांत विरलेली. तिच्या कारखान्यातल्या धाग्याची असती तर फाटली नसती, आणि मला हे इतक्या मोकळ्या मनाने सांगता आलं नसतं.

गोकुळने गाडी थांबवली. आधी चाक बघितलं, मग चेन बघितली, चेनमध्ये गुंतलेली हिरवी चिंधी ओढून काढली, आणि त्यानंतर बायकोकडे बघितलं.

"ओढणी सांभाळता येत नाही का गं?" तो म्हणाला. पण तिथून कारखान्यापर्यंत त्याने गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही, हेही सांगायला हवं.

कारखान्यात त्या दिवशी सुरक्षा अधिकारी हृषीकेश साहेबांचं भाषण होतं. साहेब नाशिकचे, तरुण, कामात चोख. अपघात सांगून येत नाही, असं सांगून ते थांबले, कारण पहिल्या रांगेत बसलेल्या जयाच्या गळ्यावर लाल वळ होता आणि झाकायला ओढणी नव्हती.

"हे काय? मशीनवर झालं का?"

"नाही साहेब. येताना, गाडीवर."

"गेटच्या बाहेर ना?"

"पुलावर."

"मग ते आपल्यात धरत नाहीत," साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखर मोकळा झाला. मग त्यांनी सर्वांना सुरक्षेची शपथ दिली. जयानेही हात पुढे करून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून जया शेअर रिक्षाने जायला लागली. रिक्षात आठजण असतात आणि चालकाच्या मांडीला मांडी लावून बसावं लागतं, पण धरायला दांडा असतो. त्यासाठी तिला पाऊण तास आधी उठावं लागे. भांडण तिने केलं नाही. एका रविवारी भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "जाळी परत लावा, धरायला कठडा बसवा आणि सीट सपाट करून घ्या. मग येते तुमच्या मागे."

"मग ती स्पोर्ट बाईक राहील का? पोरं हसतील."

"तुमच्या पोरांपैकी मागे कोण बसतं?"

गोकुळने विचार केला. "कोणी नाही."

"मग त्यांना विचारू नका."

तो हसला आणि विषय संपला असं समजला. जया उठली, शिवणाची टेप घेऊन बाहेर गेली आणि गाडीच्या मागच्या भागाची मापं घ्यायला लागली. लांबी, रुंदी, उतार, पाय ठेवायच्या पट्टीपासून सीटची उंची. कारखान्यातल्या तपासणीच्या कोऱ्या फॉर्ममागे तिने चित्र काढलं आणि डब्याखाली ठेवून दिलं. तीन आठवडे ते तिथेच होतं.

एप्रिलमध्ये मशीनवर काम करताना गोकुळचं उजवं मनगट मुरगळलं. पट्टी बांधली, गाडी चालवायला मनाई झाली. त्याचा मित्र सुमित त्याच्याच पाळीत होता. "तुझीच गाडी मी चालवतो, तू मागे बस," सुमित म्हणाला. त्याला ती गाडी एकदा चालवायचीच होती. मैत्री आणि मतलब यांचा असा मेळ क्वचित बसतो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी गोकुळ घरी आला तो पाय फाकवून चालत. दुसऱ्या दिवशी गॅसवर तेल कोमट करायला ठेवलं. "मनगटाला," म्हणाला, आणि आईकडून कमरेला चोळून घेतलं. तिसऱ्या दिवशी समरवरणीला म्हैस आडवी आली आणि सुमितने ब्रेक दाबला. दुखऱ्या हाताने धरायला काही नव्हतं, म्हणून गोकुळने भर रस्त्यात सुमितला दोन्ही हातांनी कवटाळलं. शेजारून जाणाऱ्या कामगारांच्या बसने त्यावर टाळ्या वाजवल्या. हे मला सुमितने सांगितलं; गोकुळने कुणालाच सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "तुला त्या सीटवर कमरेचा त्रास होतो म्हणत होतीस ना? तुझ्यासाठी काहीतरी करायला पाहिजे."

जया महिनाभर रिक्षाने जात होती. तिची कमर उत्तम होती. "बरं," ती म्हणाली आणि डब्याखालचा कागद काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

किलवणी नाक्याजवळ अनंतचं सीट शिवायचं दुकान आहे. वीस वर्षं तो हेच करतो. जयाचं म्हणणं त्याने दोनदा ऐकून घेतलं.

"ताई, स्पोर्ट गाड्यांची पोरं माझ्याकडे फोम काढून घ्यायला येतात. घालून घ्यायला आलेल्या तुम्ही पहिल्या." कागद उलटसुलट करून बघितला. "चित्र पक्कं आहे. कुणी काढलं?"

"आम्हीच," गोकुळ म्हणाला.

जया फोमच्या तुकड्यांवर बसून बघत होती. खाली घट्ट फोम घेतला, वर मऊ. पुढचा उतार भरून सीट सपाट झाली, दोन्ही बाजूंनी तीन-तीन बोटं रुंद झाली. रेक्झिन तिने खरखरीत निवडलं, बूड घसरू नये म्हणून. मागे कमरेला टेकायला एक छोटी उशी.

कठड्याचं काम शेजारच्या संजू वेल्डरचं. त्याने जाड नळी वाकवली आणि गाडीच्या मागच्या सांगाड्याला जे मूळचे बोल्ट होते त्यांनाच ती कसली. गोकुळला घाई होती. "सरळ वेल्डिंग मार ना."

"सांगाड्याला वेल्डिंग मारलं की पुढेमागे तिथेच तडा जातो," संजू म्हणाला. "वहिनी खाली, तुम्ही पुढे. चालेल?"

गोकुळने जरा वेळ घेतला आणि चालणार नाही असं सांगितलं. संजूने पाय ठेवायच्या पट्ट्याही खाली घेतल्या आणि दोघांच्या वजनाच्या हिशोबाने शॉकअपची रिंग घट्ट करून दिली. चाकाची जाळी गोकुळने घरातून आणली. ती टाकलेली नव्हती. पुतळाबाई तिच्यावर गरम पातेली उतरवत होत्या.

आता चाचणी. जयाच्या कारखान्यात पट्टा पास करायचा तर पोत्याला पाचपट वजन लावून बघतात. पाच जया एकदम मिळणं अवघड होतं, पुतळाबाई मिळाल्या. त्या कठड्याला धरून चढल्या, अंग सोडून बसल्या, जयाने सांगितलं तसे दोन हिसके मारले, आणि दुकानातल्या सर्वांकडे वरून बघत म्हणाल्या, "आते माले खानवेलले लई चाल."

"आई, ही गाडी बाजाराची नाही," गोकुळ म्हणाला. त्या रविवारी तो त्यांना खानवेलच्या बाजाराला घेऊन गेला. येताना मांडीवर कोंबडी होती.

जयाला अजून एक गोष्ट हवी होती: गोकुळच्या कमरेला बांधायचा रुंद पट्टा, दोन बाजूंना दोन मुठी असलेला, म्हणजे त्याचं पोटही दबणार नाही आणि पुढे धरायलाही होईल. त्यासाठी कारखान्यातल्या नापास मालातला दोन मीटर तुकडा तिने रीतसर मागितला. हृषीकेश साहेबांनी अर्ज वाचला. असा अर्ज यापूर्वी आला नसल्यामुळे तो कुठल्या फाईलला लावायचा हे ठरायला अकरा दिवस लागले. मग तीन सह्या झाल्या आणि गेटपास मिळाला. त्यावर लिहिलं होतं: "पट्टा, दोन मीटर. निरुपयोगी." तो नापास कशामुळे झाला होता, तर निळ्या रंगाची छटा जरा फिकी उतरली होती म्हणून.

जयाने मधल्या सुट्टीत तो शिवला, चौकोन आणि आत फुली, टनाच्या पोत्याला घालतात तोच टाका. गोकुळ तो पट्टा शर्टाच्या आत बांधायचा. मुठी बाहेर काढायला शर्टाला दोन्ही बाजूंनी काजं करावी लागली, तीही जयानेच केली.

पोरं हसलीच. "पुढून रेस, मागून डोली," सुमित म्हणाला. गोकुळ दोन दिवस गाडी कारखान्याच्या मागच्या भिंतीला लावत होता.

आणि मग पोलिसांनी अडवलं. जाळी नव्हती, कठडा नव्हता, तेव्हा इतके महिने ही गाडी रोज त्याच चौकातून गेली होती आणि कुणाच्या डोळ्यांवर आली नव्हती. सगळं जागेवर आलं तशी ती नजरेत भरली.

"सीट बदली करवाया है?" हवालदाराने विचारलं.

"साहेब, लेडीज बैठती है," गोकुळ म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याला ते वाक्य उपयोगी पडलं.

हवालदाराने जाळी हलवून बघितली, कठडा ओढून बघितला. जयाला उतरायला सांगितलं आणि स्वतः चढून बसला. बराच वेळ बसला. मागे पाच-सहा गाड्या थांबल्या. मग उतरून गोकुळला बाजूला घेतलं. गोकुळचा चेहरा पडला.

"ये बनाया किसने? मेरी मिसेस का रोज का झगडा है."

"मीच," गोकुळ म्हणाला. "डिझाईन मेरा है. सिलाई किलवणी नाके पे."

त्यानंतर तो गाडी पुढच्या गेटला लावू लागला. आता विचारलं तर मागच्या सीटच्या उताराबद्दल तो अर्धा तास बोलतो. फोमचे थर समजावून सांगतो. जयाच्या कारखान्यातल्या दोन बायका आपापल्या नवऱ्यांना अनंतकडे घेऊन गेल्या तेव्हा सोबत गोकुळ गेला, जाणकार म्हणून.

एक अडचण मात्र नवीन उभी राहिली आहे. जयाला आता गाडीवर झोप लागते. आठ तास उभं राहून शिवण मारलेली बाई, कमरेला उशी, दोन मुठींत दोन हात. मसाटपर्यंत येता येता तिचं हेल्मेट त्याच्या पाठीला टेकतं. झोपलेलं माणूस मागे घेऊन पळवता येत नाही. म्हणून ती लाल गाडी, जिच्या काट्यावर दीडशेच्या पुढचे आकडे आहेत, रोज संध्याकाळी तिशीने येते. सायकलवाले पुढे जातात. गोकुळ डाव्या हाताने तिच्या गुडघ्यावर थाप मारत राहतो, आणि तरी ती हलली नाही की समरवरणीच्या टपरीपाशी गाडी थांबवतो.

"जया, उतर. चहा घे."

"झोपले नव्हते हो. डोळे मिटले होते."

"माहितीये. उतर."

आणि दोघं तिथे उभं राहून चहा पितात. घाई दोघांनाही नसते.