बबन्याचा टॉवेल जर्मनीत

किश्शांचं कांद्याच्या ढिगासारखं असतं बघा. खालचा एक ओढायला जावं, तर वरचे चार घरंगळत पायावर येतात! आमचा बबन तीन महिने जर्मनीला काय जाऊन आला, धायरीतल्या आमच्या बाकावर दुसरा विषयच नाय.

बाकावर आम्ही तिघं. मी, बबन आन् नामदेव. जन्म गेला मार्केट यार्डात, कांद्याच्या गाळ्यावर. बबनची बायको वारली, लेक सुरेखा जर्मनीत कंप्युटरच्या नोकरीला. ती म्हणाली, "बाबा, एकटे काय बसता? नातीला बघायला या." बबन घाबरला. मी म्हटलं, "जा की! आपल्यातलं कुणीतरी ढगाच्या वर जाऊन जितं परत येऊ दे!"

* * *

निघाला ऐन मे महिन्यात. मी गंभीर तोंड करून सांगितलं, "बबन्या, ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा ठेवतोस ना? तो इमानात आधी ठेव. वर सूर्य जवळ असतो!"

गडी खरंच घेऊन गेला!

तिकडं तपासणीच्या साहेबानं बोट दाखवून विचारलं, हे काय? बबनला भाषा येईना. त्यानं कांदा टेबलावर ठेवला, एक बुक्की मारून फोडला आन् अर्धा साहेबापुढं धरला. साहेबानं दोन्ही अर्धे काढून घेतले.

पोचल्यावर पहिला फोन मला. "तात्या, लई हावरट लोकं! मला एक पाकळीबी ठेवली नाय!"

* * *

महिनाभरानं त्याचा आवाज पडला. "सगळं चांगलं हाय रे. रस्ते धुतल्यासारखे. पण लेक 'अहो बाबा', जावई 'अहो बाबा'. 'ए बबन्या' म्हणणारं कुणी नाय. तू ये की इकडं."

"मी? मला नुसती सही करायला अर्धा तास लागतो. पासपोर्टवाला रिटायर होईल!"

पण दुसऱ्या दिवसापासनं त्यांच्या चहाच्या टायमाला रोज फोन लावायचो. उचलला की ओरडायचो, "ए बबन्या, जिता हायेस का गेलास?" पहिल्यांदा स्पीकरवर ऐकलं तेव्हा जावयाच्या हातातला कप सांडला म्हणे.

तीन आठवड्यांनी सुरेखाचा फोन. आवाज कडक. "तात्या, बाळ आज पहिल्यांदा बोललं."

"अरे वा! आई म्हणाली?"

"नाही. 'ए बब्या' म्हणाली!"

* * *

आता टॉवेल. आमच्या तरुणपणी यार्डात भाव तोंडानं सांगत नसत. हातावर टॉवेल टाकायचा, आत एकमेकाची बोटं धरायची. जेवढी बोटं, तेवढा आकडा. शेवटी अख्खी मूठ दाबली की सौदा पक्का. मग बाप आला तरी मोडायचा नाय! पुढं ते बंद झालं, पण बबनच्या खांद्यावरचा टॉवेल काय हलला नाय.

तिकडं आठवडी बाजारात एक तुर्की म्हातारा कांदे घेऊन बसायचा. त्याला मराठी येईना, ह्याला तुर्की. बबननं सरळ टॉवेल टाकला आन् आत त्याची दोन बोटं धरली. सुरेखा लाजेनं भाज्यांच्या पेट्यांमागं! म्हातारा दचकला, मग हसला, आन् त्यानं बबनचं एक बोट जास्त धरलं. झाला की सौदा!

पुढच्या आठवड्याला म्हातारा सोताचा टॉवेल घेऊन हजर! तिथनं पुढं बबन दर बाजाराला त्याच्या शेजारी कांदे निवडत बसायचा. "काय बोलता रे दोघं?" मी विचारलं.

"बोलतोय कशाला? कामं नायत का?"

* * *

परत आला तेव्हा नामदेवनं विचारलं, "तिकडनं काय आणलंस?"

"शिस्त!" बबन म्हणाला, आन् धायरी फाट्यावर चालणाऱ्यांचा सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत उभा राह्यला. हिरवा झाला, तरी गाड्या काय थांबेनात. आम्ही पलीकडं गेलो, चहा घेतला, वडापाव खाल्ला, परत आलो. बबन तिथंच!

"शिस्त संपली का?" मी विचारलं.

"हात धर," म्हणाला, "आन् ने पलीकडं."

* * *

मग सुरेखाचा निरोप आला. कागदपत्रं झालीत, बाबांनी कायमचं यावं. बबन कुणालाच काय सांगेना. नामदेव मला कोपर मारायचा, "तू इचार." माझी हिंमत होईना. जन्मभर चेष्टा केली त्याची, आन् एवढं एक विचारता येईना. तो गेला तर मी 'ए बबन्या' म्हणायचं कुणाला?

शेवटी काल सकाळी बाकावर त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आन् आमच्या दोघांच्या हातावर टाकला. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाय. आत पाची बोटं धरली. मग सोडून आणखी एक.

"सहा महिने तिकडं?" मी विचारलं. मान हलली.

"आन् सहा इकडं?"

त्यानं मूठ दाबली. अशी दाबली की माझी हाडं वाजली.

नामदेव ओरडला, "अरे, काय ठरलं? मलाबी सांगा की!"

बबन उठला. मी टॉवेल काढला, तर माझ्या तळहातावर एक कांदा!

"तिकडं येताना खिशात ठेव," तो जाता जाता म्हणाला. "वर सूर्य जवळ असतो."