फोन न येण्याची वाट

दाजी दुसऱ्याच्या माऊसला हात लावत नसत. दुकानदार कितीही अडला, घामाघूम झाला, "तुमीच करून द्या ना दाजी" म्हणून काकुळतीला आला, तरी ते त्याच्या खुर्चीमागे हात पाठीशी बांधून उभे. सायकल शिकवताना कॅरियर सोडून नुसताच मागे धावणारा बाप असतो ना, तसे. "म्या केलं तं मले येईन. तुले कसं येईन?" एवढं बोलून गप्प. मग तो बिचारा चुकायचा, पुन्हा चुकायचा, आणि कधीतरी बिल छापून बाहेर यायचं. दाजी ते उजेडात धरून बघायचे, जणू ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलंय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार रिसोड. मागच्या हिवाळ्यात ते गेले. मी अकोल्याच्या एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही कृषी केंद्रांसाठी, म्हणजे बी-बियाणं, खतं, औषधं विकणाऱ्या दुकानांसाठी, बिलाचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर करतो. दाजी ते शिकवत वाशिम जिल्हाभर फिरायचे. कधी एसटीने, कधी काळीपिवळी जीपच्या दाराला लटकून. "दाजींना मीच कामाला लावलं," असं मी लग्नाकार्यांत चारचौघांत सांगत असे. मी केलेलं कोणालाच कळत नव्हतं, म्हणून दाजी लागत होते, हे मात्र सांगत नसे. पन्नाशीला आलेल्या मला ते 'बाल्या' म्हणत, अगदी मालकांसमोरसुद्धा.

आमचं सॉफ्टवेअर होतं तरी कसं? ज्या दुकानदाराने जे मागितलं, ते बटण मी त्याला दिलं. काढायचं कोणाचंच नाही, कारण तो रुसणार. लग्नपत्रिकेत खाली नावांची गर्दी असते आणि एकही गाळता येत नाही, तशी आमची पहिली स्क्रीन. नवा माणूस ती बघूनच म्हणायचा, "राहू द्या, वही बरी." मग दाजींना फोन जायचा आणि दाजी पिशवी उचलायचे.

त्यांची एक रीत होती. नव्या दुकानातलं पहिलं बिल ते स्वतःच्या नावाने करायला लावत, आणि ते खोटं नको म्हणून खरोखर काहीतरी विकत घेत. त्यामुळे ताईच्या घरात सुतळीचे गुंडे, फवारणीपंपाचे नोझल, खुरपी, आणि गोठा नसताना गुरांच्या चाटणाच्या विटा. "एखादी म्हैसच आना आता," ताई म्हणायची. "थेबी आनतो," दाजी म्हणायचे, "कोनी म्हशीचं दुकान टाकू दे."

मग त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. गल्लीच्या टोकापर्यंत गेले तरी धाप लागायची. कंपनीत ठरलं की सॉफ्टवेअर नव्याने मांडायचं, नवा दुकानदार कोणी न शिकवता आपला आपण सुरू झाला पाहिजे. हे दाजींना कसं सांगावं या विचारात मी रिसोडला गेलो, तर तेच म्हणाले, "माह्या मांगं त्याईले कोन शिकवन? असं कर बाल्या, का माही गरजच नाई पडली पाह्यजे."

दर रविवारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या पलंगाशी बसू लागलो. पहिल्या खेपेला मी मोठ्या हुशारीने सरावाचं दुकान करून नेलं होतं: खोटं गिऱ्हाईक, खोटा माल, खोटं बिल. समोरच्या शेठजींनी नुकतीच खतांची एजन्सी घेतली होती, त्यांना बोलावून लॅपटॉपपुढे बसवलं. त्यांनी चष्मा काढला. "खोटं बिल? आन थेबी नव्या दुकानाचं पहिलंच? आपल्याकडून नाई होत भाऊ." दाजी हसता हसता खोकायला लागले. ताईने पाठ चोळली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू खोकला मीच लिहून आणला होता.

शेवटी पहिल्या स्क्रीनवर एकच प्रश्न ठेवला: 'आज पहिलं कोण आलं?' बाकीची बटणं दाजी एकेक करून झाकायला सांगत. "हे त्याले हंगामापोतर लागत नाई. झाक. हे रिठदच्या दुकानवाल्यानं मांगलं होतं. लय रुसला होता, पन झाक." कधी ते चुकायचेही. स्वागताचा मजकूर त्यांनी इतका लांबलचक सांगितला, की तो वाचेपर्यंत गिऱ्हाईक घरी गेलं असतं. तो मी गुपचूप कापला. त्यांना ते कळलं, आणि एक अख्खा रविवार ते माझ्याशी नुसतं 'हो-नाही'त बोलले.

नव्या दुकानदाराला काही शिकवायचं नाही, फक्त दाजींचा नंबर द्यायचा, असं आम्ही ठरवलं. अडला तर तो फोन करणार. फोन आला की आमचं चुकलं. सुरुवातीला फोनवर फोन आले. दाजी उशांना टेकून, डोळे मिटून एकेकाला वाट दाखवत. "घाई नोको करू. आता खालतं पाह्य. दिसलं?" फोन ठेवला की माझ्याकडे बघून म्हणायचे, "अडला पाह्य." त्या आवाजात काळजीपेक्षा खुशी जास्त असायची. मी ती जागा दुरुस्त करायचो. पुढच्या खेपेला फोन कमी यायचे.

मला वाटत होतं, छान चाललंय. एकदा मला चहा देताना ताई हळूच म्हणाली, "तुझं काम सुधरून राह्यलं बाल्या, आन हे बिघडून राह्यले."

शेलूबाजारला गजानन नावाच्या माणसाने नवं कृषी केंद्र टाकलं. कॉम्प्युटरला कधी हात न लावलेला माणूस. त्याने दुकान उघडलं तो रविवारच होता. दाजींनी सकाळीच दाढी करून घेतली आणि फोन उशाशी ठेवला. दुपार झाली. जेवण निम्मं ताटात राहिलं.

"नेटवर्क हाय ना रे?"

"आहे दाजी."

थोड्या वेळाने फोन वाजला. दाजींनी तो झडप घालून उचलला. "हां, बोल बाप्पा. कुठं अडला?"

पलीकडे ताई होती, स्वयंपाकघरात. फोन लागतो की नाही ते बघत होती. "काई नाई," ती म्हणाली, "च्या ठेवू का इचारत होती."

गजाननची बिलं मला लॅपटॉपवर दिसत होती. एकापाठोपाठ एक, सगळी बरोबर. इतक्या वर्षांत मी केलेलं काहीतरी पहिल्यांदाच एखाद्याला आपलं आपण कळलं होतं. "जमलं, दाजी," मी म्हणालो. "एकही फोन नाही."

"हं," म्हणून दाजींनी भिंतीकडे कूस केली.

मी अंगणात गेलो आणि गजाननला फोन लावला. म्हटलं, दाजींना फोन कर, काहीतरी विचार.

"पन भाऊ, मले तं सगळं समजलं."

"तरी विचार."

"मंग काय इचारू? तुमीच सांगा."

मग म्हटलं, गिऱ्हाईक बियाण्याची थैली परत घेऊन आलं तर बिलाचं काय करायचं, ते विचार.

आत आलो तोवर दाजी उठून बसले होते. परत आलेल्या थैलीचं त्यांनी सावकाश, एकही पायरी न गाळता समजावलं. तुझं दुकान रस्त्याच्या कोणत्या अंगाला, ऊन कधी येतं, ते विचारलं, आणि औषधं उन्हात ठेवू नको, तेही सांगितलं. फोन ठेवला तेव्हा त्यांना चांगलीच धाप लागली होती. ताईने पाणी दिलं.

"बाल्या."

"हां दाजी."

"त्याले येत होतं."

मी लॅपटॉपमध्ये तोंड घातलं.

"उद्या दुसऱ्या कोनाले सांगजो," दाजी डोळे मिटून म्हणाले. "आन सवाल जरा कठीन दे."